कापलेल्या नोटांचे मोल

जुन्या नाण्यांच्या मानाने जुन्या नोटा फार कमी उरल्या आहेत. नाणे मातीत पुरले तरी टिकते; नोट मुळातच परत जाण्यासाठी छापलेली. ब्रिटिश सरकारच्या नोटा चलन कार्यालयात दिल्या की चांदीचे रुपये मिळत आणि परत आलेली नोट रद्द होई. व्हिक्टोरियाकालीन नोट आज हाती येते ती बहुधा वटवायची राहून गेलेली.

मुंबईत त्याआधी १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या नोटा चालत. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. या नोटा एकाच बाजूने छापलेल्या असत आणि प्रत्येकीवर 'सर्कल'चे नाव असे. ज्या सर्कलची नोट, तेथेच ती कायदेशीर चलन. मुंबईबरोबरच नागपूर आणि कापसाची बाजारपेठ असलेले अकोला ही नावेही काही नोटांवर आढळतात. हे बंधन हळूहळू सुटले. पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू लागली, दहा व पन्नासची १९१० मध्ये, तर शंभराची १९११ मध्ये. म्हणून संग्राहक रकमेआधी गावाचे नाव वाचतो.

याच काळातील अनेक नोटा मधोमध कापून पुन्हा चिकटवलेल्या दिसतात. नवख्याला तो दोष वाटतो. वास्तविक ती व्यापाऱ्यांची खबरदारी होती. वाटेत लूट होऊ नये म्हणून आधी एक अर्धा भाग टपालाने जाई. तो पोहोचल्याची खबर आली की दुसरा रवाना होई. दोन्ही भागांवरील क्रमांक जुळतो का, हे मात्र भिंगाखाली पाहावे.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१७ मध्ये एक रुपयाची, तर १९१८ मध्ये दोन रुपये आठ आण्यांची नोट आली. ही अडीच रुपयांची नोट १९२६ मध्ये बंद झाली; तिच्यावरील 'बी' हे अक्षर मुंबई सर्कलचे. १९२८ पासून नाशिकच्या छापखान्यात नोटा छापल्या जाऊ लागल्या. मराठवाड्यातील जुन्या पेट्यांत निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या नोटाही सापडू शकतात. ते चलन १९१८ पासूनचे असून त्यावर उर्दूबरोबर मराठीतही रक्कम लिहिलेली असे.

घरात अशी नोट सापडली की ती धुण्याचा, इस्त्री करण्याचा वा लॅमिनेट करण्याचा मोह होतो. चिकटपट्टी तर हमखास लावली जाते. तिचा गोंद कागदात मुरतो, डाग कायमचा राहतो आणि किंमत घसरते. टाचणीची छिद्रे, शाईची सही, जुना जोड हे सारे तसेच राहू द्यावे. नोट सपाट, आम्लरहित कागदात, उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवावी. कोकणात किंवा भोर-वेल्ह्याच्या पावसाळी पट्ट्यात तर लोखंडी कपाटापेक्षा कोरडी जागा अधिक महत्त्वाची.