असोद्याची वरात आणि तिसरा ट्रंपेट

मागच्या शनिवारी आमच्या हौशी बिग बँडची बैठक झाली. पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो-गिटार-बास-ड्रम्स, असे आम्ही सतरा जण. निम्मे आयटीवाले! डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी पाच अरेंजमेंट्स निवडायच्या होत्या. बँड आता तयारीचा झालाय, म्हणून मी सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात उंच सुरांच्या अरेंजमेंट्स सुचवल्या. एक वाजवून पाहिली. दुसऱ्या पानावर आमच्या तिसऱ्या ट्रंपेटचे, सत्तरीतल्या गोवेकर अंकलचे ओठ थकले. ते शांतपणे म्हणाले, "माझी खुर्ची कुणा तरुणाला द्या."

कोणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि चूक तर माझीच होती.

घरी येऊन जुनं वाचत बसलो. मुंबईच्या बँडवाल्यांपुढेही हाच प्रश्न होता. 1935 साली लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये आला. हे संगीत उचललं गोव्याच्या पोरांनी. चर्चच्या शाळेत सोल्फेज शिकल्यामुळे समोरचा कागद बघून वाजवणं त्यांना सहज जमायचं. न्यूयॉर्कच्या प्रकाशकांच्या छापील 'स्टॉक' अरेंजमेंट्स असत, त्यातले काही भाग ऐच्छिक, म्हणजे माणसं कमी असली तरी गाणं उभं राहावं. आमच्या भाषेत बॅकवर्ड कम्पॅटिबल म्हणा ना!

हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याच पिढीतला ट्रंपेटवाला. 1949च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईतल्या हॉटेलांची रया जाऊ लागली आणि वादकांना सिनेमाचा आधार जास्तच लागू लागला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 1951च्या 'अलबेला'त त्याला घेतलं. पडद्यावरही चिक आणि त्याचा बँड दिसतो, भगवानदादांबरोबर. आणि तीच गाणी पुढे आमच्या असोद्याच्या वरातीत! बहिणाबाईंचं माहेर म्हणून लोक असोदा ओळखतात (आणि भरिताच्या वांग्यांसाठी, पण तो विषय काढला तर हा लेख संपायचा नाही). लहानपणी पाहिलेल्या त्या ब्रास बँडकडे कागद नव्हता. पोरं ताल वाढवायला लागली की आमचे आजोबा ओरडायचे, "नवरदेवाले चालू द्या रे, पयवू नका!"

आजोबांनी काउंट बेसीचं नाव ऐकलं असण्याची शक्यता शून्य. पण नील हेफ्टीने 'लिल डार्लिन' बरीच जलद लिहिली होती, आणि 1957च्या रेकॉर्डिंगसाठी बेसीने ती अगदी रेंगाळत वाजवायला लावली. कागदावर सोपी दिसते. मात्र सतरा जणांनी इतक्या मंद लयीत एकत्र श्वास घ्यायचा म्हणजे लपायला जागाच नाही. कोण अर्धा क्षण आधी आला ते लगेच कळतं. वेगात ते खपून जातं.

ड्यूक एलिंग्टन तर याच्या पुढे. 1963 साली तो बँड घेऊन भारतात येऊन गेला. त्याच्या कागदांवर बऱ्याचदा 'तिसरा ट्रंपेट' नसायचं, वाजवणाऱ्याचं नाव असायचं. तो सूर त्या माणसासाठीच लिहिलेला असे. मी मात्र उलटं केलं होतं: आधी अरेंजमेंट पसंत केली आणि मग माणसं तिच्यात बसवायला निघालो!

रविवारी यादी पुन्हा केली. पाचातल्या दोन वेगवान ठेवल्या, कारण पोरांनाही जोर काढायचा असतो. तीन बदलल्या. पहिली 'लिल डार्लिन', तिच्यातला ट्रंपेटचा एकल तुकडा अंकलकडे. फोन केला तर म्हणाले, "मेट्रोनोम किती?"

"बेसीपेक्षा वर जायचं नाही," मी म्हणालो.

बुधवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. पेन्सिलीने कागदावर श्वासाच्या खुणा करत.