काळ्या पडद्याची भीती आली कुठून?

‘लिनक्स म्हणजे काळा पडदा. त्यावर कमांड टाइप करायच्या, एक अक्षर चुकलं की सगळं उडालं. ते इंजिनिअर लोकांचं काम, आपलं नाही.’ आपल्या वस्तीतल्या पदवीधर मुलामुलींच्या तोंडीही हे ऐकू येते. यातले ‘आपलं नाही’ हे शब्द खटकतात. आपल्या समाजाला ते पिढ्यान् पिढ्या ऐकवले गेले आहेत. तेव्हा एकदा इतिहास तपासू. कमांड लाइन मुळात वापरत कोण होते?

लिनक्स ज्या युनिक्सच्या धर्तीवर बनले, ते युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केले. नवी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची म्हणून यंत्र मागितले तर संस्था पैसे देईना. मग मजकूर तयार करण्याची सोय बनवतो असे सांगून त्यांनी पीडीपी-११ हे यंत्र मिळवले. त्याचे पहिले गिऱ्हाईक ठरला संस्थेचाच पेटंट विभाग. १९७१ च्या उत्तरार्धात त्या विभागातले तीन टायपिस्ट दिवसभर युनिक्सवर बसून पेटंटचे अर्ज टाइप करत, दुरुस्त करत, छपाईसाठी मांडत. माउस नाही, चित्रे नाहीत. यंत्राची मेमरी २४ किलोबाइट. त्याच यंत्रावर शास्त्रज्ञ आपले प्रयोग करायचे आणि टायपिस्टांचे काम बिघडू नये म्हणून जपून वागायचे. म्हणजे युनिक्सच्या अगदी पहिल्या वापरकर्त्यांत कचेरीतले टंकलेखक होते, इंजिनिअरच नव्हेत!

दुसरा दाखला त्याहून बोलका आहे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन तो सांगतात. बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी ईमॅक्स हा एडिटर लिहिला. कार्यालयातल्या सेक्रेटरी तो वापरू लागल्या. त्यांना दिलेल्या पुस्तिकेत एडिटरमध्ये आपल्या सोयीची भर कशी घालायची ते लिहिले होते, पण त्याला ‘प्रोग्रामिंग’ म्हणतात हे लिहिले नव्हते. प्रोग्रामिंग आपल्याला जमणार नाही अशी या बायकांची समजूत होती. तो शब्दच समोर आला नाही, म्हणून त्या घाबरल्या नाहीत आणि प्रोग्राम लिहू लागल्या.

आपल्याकडेही १९९० च्या आसपास तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लासमध्ये डॉस शिकवत. सी प्रॉम्प्टवर डीआयआर, कॉपी, डेल टाइप करणारी मुले मराठी शाळेतलीच होती. तो काळा पडदाच होता. मग विंडोज ९५ आले, माउस आला. काम सोपे झाले हे खरेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर ‘यूजर’ आणि ‘प्रोग्रामर’ अशा दोन जाती पक्क्या झाल्या. २००१ पासून एमएस-सीआयटी आली, सरकारी नोकरीसाठी ती लागू लागली, आणि संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस हे समीकरण घरोघर पोचले. यंत्राच्या आत काय चालते हे यूजरने विचारायचे नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. संगणकाच्या जगात कोणी कोणाला पाण्यावरून मारत नाही, म्हणून तुलना फार ताणू नये. पण अमुक ज्ञान अमुक माणसांचे, ही सवय ओळखीची आहे.

‘इंग्रजी येत नाही’ ही अडचणही सांगितली जाते. एलएस, सीपी, ग्रेप हे कोणते इंग्रजी? कॉन्व्हेंटच्या मुलालाही ते नव्यानेच पाठ करावे लागते. इथे तो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी एकाच रेषेवरून धावतात.

भीती सगळीच खोटी नाही. आरएम ही कमांड फाइल कचरापेटीत टाकत नाही, थेट पुसते. सुडो लावून कुठूनतरी उचललेली ओळ चालवली तर नुकसान होऊ शकते. त्यावर उपाय म्हणजे बॅकअप, आणि अर्थ कळल्याशिवाय एंटर न दाबणे. शिवाय आजच्या उबुंटू किंवा मिंटमध्ये टाइपिंग, इंटरनेट, व्हिडिओ यासाठी टर्मिनल उघडावेही लागत नाही. केरळच्या सरकारी शाळांत तर शिक्षकांना प्रशिक्षण देऊन मुलांना लिनक्सवरच शिकवले जाते, दहावीची आयटीची परीक्षाही त्यावरच होते. ती मुले काही वेगळ्या मातीची नाहीत.

हा प्रश्न आज पैशाचाही झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. बुद्धविहारांतल्या अभ्यासिकांमध्ये देणगीतून आलेले संगणक बहुधा याच वयाचे असतात. ते भंगारात घालायचे, की क्रॅक केलेले विंडोज टाकून व्हायरसच्या भरवशावर सोडायचे? पेनड्राइव्हवरून लिनक्स आधी चालवून पाहता येते, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. अभ्यासिकेतल्या एका यंत्रापासून हे या रविवारीच करता येईल. माहितीपत्रकावर ‘कमांड’ हा शब्द नाही लिहिला तरी चालेल.