तोट्यातली बस आणि चार अटी

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

आमच्या गावाला मुक्कामी एसटी यायची. रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास फाट्यावर तिचे दिवे दिसले, की गाव निजायच्या तयारीला लागायचं. चालक आणि वाहक मारुतीच्या देवळात पथारी पसरायचे, आणि पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या, हायस्कूलची मुलं आणि कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं घेऊन तालुक्याला जायची. रात्री येताना मात्र गाडीत कधी चार माणसं असत, कधी दोन. मी एकदा वडिलांना विचारलं, "दोन माणसांच्या तिकिटात डिझेलचे पैसे तरी निघतात का हो?" ते म्हणाले, "नाही निघत. पण गाडी यायला नको का?"

पुढे बरीच वर्षं मी कायदा शिकवला, आणि वडिलांच्या त्या उत्तराने माझी पाठ काही सोडली नाही. गाडी यायला हवी, हे कबूल. मग तिकीट आणि खर्च यांतला फरक कोणीतरी भरायला हवा, हेही कबूल. पण सरकार तो फरक भरतं तेव्हा नेमकं काय करतं? सेवा विकत घेतं, की कंपनीला मदत देतं? प्रश्न शब्दाचा वाटतो, पण युरोपात याच शब्दावरून अनेक वर्षं कोर्टकज्जे झाले. त्यातला सर्वांत गाजलेला खटला एका ग्रामीण जिल्ह्यातल्या बसचा आहे. आज त्याची गोष्ट सांगतो.

सुरुवात १९५७ च्या रोमच्या करारापासून करावी लागेल. सहा देशांनी सामाईक बाजारपेठ उभारायचं ठरवलं. बाजार सामाईक करायचा, तर प्रत्येक सरकारने आपापल्या कंपन्यांच्या खिशात गुपचूप पैसे सरकवणं थांबायला हवं. म्हणून कलम ९२ आलं: स्पर्धा बिघडवणारी आणि देशादेशांमधल्या व्यापारावर परिणाम करणारी सरकारी मदत निषिद्ध. मदत द्यायचीच असेल, तर आधी ब्रसेल्सच्या आयोगाला कळवा आणि परवानगी मिळेपर्यंत थांबा. न कळवता दिलेली मदत बेकायदा, आणि ती नियमात बसत नसेल, तर व्याजासकट परत घ्यायची. त्याच करारात कलम ९० मध्ये एक खिडकी ठेवली होती. लोकांच्या गरजेची सेवा ज्यांच्यावर सोपवली आहे, त्यांच्या कामात हे नियम आडवे येता कामा नयेत, असा तिचा आशय. (या कलमांचे क्रमांक पुढे दोनदा बदलले. मूळचं ९२ आज १०७ आहे, आणि ९० आज १०६. परीक्षेत मुलांचा यावर हमखास गोंधळ व्हायचा आणि मी निम्मे गुण देऊन टाकायचो.)

वाहतुकीसाठी १९६९ मध्ये वेगळा नियम झाला. रेल्वे किंवा बसवर सरकारने तोट्यातली सेवा लादली असेल, तर तिची भरपाई द्यायची, आणि अशी भरपाई आधी आयोगाला कळवण्याची गरज नाही. मोठी सोय झाली. पण बाकीच्या क्षेत्रांचं काय, हे अधांतरीच राहिलं. १९८५ मध्ये फ्रान्समधल्या वापरलेल्या तेलाचा एक खटला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापुढे आला. गॅरेजमधून टाकाऊ तेल गोळा करणाऱ्यांना सरकार पैसे देत होतं. न्यायालय म्हणालं, ही मदत नव्हे, केलेल्या कामाचा हा मोबदला आहे. मग १९९७ मध्ये फ्रेंच टपालखात्याच्या प्रकरणात खालच्या पायरीवरच्या न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं: ही मदतच आहे, फार तर त्या खिडकीतून माफ होईल. आता नगरपालिकांनी आणि जिल्ह्यांनी कोणाचं ऐकायचं?

अशा गोंधळात स्टेंडालची बस रस्त्यावर येते.

स्टेंडाल हा पूर्वीच्या पूर्व जर्मनीतला, आजच्या सॅक्सनी-आनहाल्ट राज्यातला जिल्हा. या सपाट, शेतीच्या मुलखाला आल्टमार्क म्हणतात, म्हणजे जुनी सीमाभूमी. बिस्मार्कचा जन्म याच मुलखातल्या शोनहाउझेन गावचा. फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल याने आपलं टोपणनाव या गावावरूनच घेतलं असं मानतात. एवढं सोडलं, तर जगाने दखल घ्यावी असं इथे फारसं काही घडत नाही.

आल्टमार्क ट्रान्स या कंपनीला जिल्ह्यातल्या बसमार्गांचे परवाने मिळाले २५ सप्टेंबर १९९० ला. तारीख पाहा. त्यानंतर आठच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, दोन्ही जर्मनी एक झाल्या. म्हणजे परवाने एका देशात निघाले आणि बस दुसऱ्याच देशात धावू लागली. पुढच्या काळात पूर्वेकडची तरुण माणसं कामासाठी पश्चिमेकडे जाऊ लागली. अशा मुलखात बस चालवून फायदा व्हायचा कसा? भाडं किती घ्यायचं आणि गाड्या किती वाजता सोडायच्या, हे परवान्याने बांधून दिलेलं. तूट जिल्हा भरून देत असे.

१९९४ मध्ये परवाने नव्याने द्यायची वेळ आली. या वेळी आणखी एका कंपनीने अर्ज केला. तिचं जर्मन नाव इतकं लांबलचक आहे, की रेडिओवर ते उच्चारण्याच्या फंदात मी पडत नाही. तिला दुसरी कंपनी म्हणू. माग्डेबुर्गच्या प्रादेशिक प्रशासनाने तिचे अर्ज फेटाळले आणि परवाने पुन्हा आल्टमार्क ट्रान्सलाच दिले. १९९६ मध्ये त्यांची मुदत आणखी वाढवून २००२ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत केली. दुसरी कंपनी कोर्टात गेली. तिचं म्हणणं साधं होतं: जी कंपनी सरकारी पैशाशिवाय उभी राहू शकत नाही, ती आर्थिकदृष्ट्या सक्षम कशी? आणि सक्षम नसेल, तर तिला परवाना कसा?

पहिल्या कोर्टात ती हरली, वरच्या कोर्टात जिंकली. प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेलं. तिथल्या न्यायमूर्तींना पेच पडला, की १९६९ चा नियम या मार्गांना लागूच नसेल, तर जिल्ह्याचे पैसे थेट रोमच्या करारातल्या निषेधाखाली येतात का? ६ एप्रिल २००० ला त्यांनी तो प्रश्न लक्झेंबर्गला पाठवला.

कल्पना करा, न्यायालय म्हणालं असतं की ही मदतच आहे, तर काय झालं असतं? युरोपातल्या खेड्यापाड्यांतल्या बस, बेटांवर जाणाऱ्या बोटी, लहान गावातलं टपाल या सगळ्यांना मिळणारा पैसा आधी ब्रसेल्सच्या टेबलावर जायला हवा होता. आणि कळवायचं राहून गेलं असेल, तर कोणीही प्रतिस्पर्ध्याने उठावं आणि खटला भरावा. उलट, ही मदत नाहीच असं सरसकट म्हटलं, तर कोणत्याही सरकारने आपल्या लाडक्या कंपनीवर 'लोकसेवा' अशी पाटी लावावी आणि हवे तेवढे पैसे ओतावेत. दोन्हीकडे आडच होता.

खटला चालू असतानाच, नोव्हेंबर २००१ मध्ये, फ्रान्समधल्या औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या प्रकरणात न्यायालयाने निकाल दिला. या व्यापाऱ्यांवर ठरावीक साठा ठेवायचं आणि २४ तासांत औषध पोचवायचं बंधन होतं. म्हणून त्यांना एका करातून सूट होती. बंधनाच्या जादा खर्चापेक्षा सूट मोठी नसेल, तर ती मदत नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. बसच्या खटल्यात न्यायालयाला सल्ला देणारे अॅडव्होकेट जनरल फिलिप लेजे यांना हे पटलं नाही. हा मार्ग सोडा, असं त्यांनी मार्च २००२ मध्ये स्पष्ट लिहिलं. प्रकरण एवढं गंभीर झालं, की न्यायालयाने सुनावणी पुन्हा उघडली. लेजे यांनी जानेवारी २००३ मध्ये दुसऱ्यांदा मत दिलं, आणि ते पहिल्यासारखंच होतं. न्यायालयाने त्यांचं ऐकलं नाही, पण त्यांची भीती मात्र मनावर घेतली, असं मला निकाल वाचताना नेहमी वाटतं.

२४ जुलै २००३ चा तो निकाल. जर्मन बाजूचा एक युक्तिवाद होता, की एका जिल्ह्यातल्या बसचा देशादेशांमधल्या व्यापाराशी काय संबंध? न्यायालय म्हणालं, संबंध आहे. १९९५ पासून काही देशांनी आपली वाहतूक बाहेरच्या कंपन्यांना खुली केली आहे. अमुक रकमेच्या खाली परिणाम होतच नाही, असं म्हणता येणार नाही. म्हणजे गावची बसही युरोपीय झाली.

मग मुख्य उत्तर आलं. सरकारचा पैसा हा मोबदला ठरेल, मदत ठरणार नाही, पण चार अटींवर. पहिली, कंपनीवर सेवेचं बंधन खरोखर असलं पाहिजे आणि ते स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. दुसरी, पैसे कोणत्या हिशेबाने द्यायचे ते आधी आणि उघडपणे ठरलं पाहिजे. वर्षाअखेर खड्डा दिसला आणि बुजवला, हे चालणार नाही. तिसरी, तिकिटाचं उत्पन्न आणि वाजवी नफा धरून जो खर्च निघेल, त्यापेक्षा एक पैसाही जास्त नको.

चौथी अट सर्वांत तिखट. काम निविदा काढून दिलेलं नसेल, तर भरपाई त्या कंपनीच्या प्रत्यक्ष खर्चावर ठरवायची नाही. चांगली चालवलेली आणि पुरेशी वाहनं असलेली एखादी सर्वसाधारण कंपनी असती, तर तिला किती खर्च आला असता, त्यावर ठरवायची. वर्गात मी फळ्यावर काल्पनिक आकडे मांडायचो. समजा एका मार्गाचा रोजचा खर्च ५,००० रुपये आणि तिकिटं २,५०० ची. तोटा २,५०० चा. पण नीट चालवणाऱ्याने तेच काम ४,००० त केलं असतं. मग सरकारने द्यायचे १,५०० आणि वर वाजवी नफा. उरलेला तोटा गबाळ्या कारभाराचा, आणि तो ज्याचा त्याने सोसायचा. एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, सगळ्या मुलखात एकच कंपनी असेल, तर ती नीट चालवलेली कंपनी शोधायची कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. युरोपातल्या वकिलांनाही पुष्कळ काळ नीट देता आलेलं नव्हतं.

चारही अटी एकदम पाळणं भल्याभल्यांना जमेना. एक चुकली, तरी पैसा 'मदत' ठरे आणि पुन्हा ब्रसेल्सची वाट धरावी लागे. म्हणून २००५ मध्ये आयोगाने लहान रकमा, इस्पितळं आणि सामाजिक घरं यांना आधी कळवण्यातून सूट दिली. हे नियम मारिओ मॉन्टी यांच्या नावाने ओळखले जातात, जे पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. डिसेंबर २०११ मध्ये त्यांची फेररचना झाली. २०१२ च्या आणखी एका नियमाने तीन वर्षांत ५ लाख युरोंपर्यंतचा पैसा मदतीत मोजायचाच नाही असं ठरलं. ही मर्यादा २०२४ पासून साडेसात लाख आहे. बस आणि रेल्वेसाठी १९६९ चा नियम जाऊन २००७ चा नवा आला, आणि तो ३ डिसेंबर २००९ पासून लागू झाला. २००८ मध्ये आयर्लंडच्या आरोग्यविम्याच्या खटल्यात न्यायालयाने चौथी अट जरा सैलही केली.

पण ती दात नसलेली झाली असं कोणी समजू नये. मार्सेय बंदरातून कॉर्सिका बेटावर जाणाऱ्या बोटी चालवणाऱ्या फ्रेंच कंपनीचं उदाहरण घ्या. बेटावर बोट बारा महिने हवी, यात वाद नव्हता, आणि त्या नेहमीच्या सेवेची भरपाई आयोगाने मान्यही केली. पण गर्दीच्या हंगामात चालवलेल्या जादा फेऱ्यांसाठीही सरकारी पैसा दिला गेला होता. त्या दिवसांत इतर कंपन्याही बोटी चालवत होत्या. मग गरज कसली? २०१३ मध्ये आयोगाने २२ कोटी युरो परत घ्यायचा आदेश दिला. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात तेवढीच आणखी रक्कम. २०१४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली आणि २०१६ च्या सुरुवातीला तिचा कारभार नव्या मालकाकडे गेला. त्या काळात खलाशांनी संप केले. एका बाजूला करदात्याचा पैसा आणि सचोटीने धंदा करणारा प्रतिस्पर्धी, दुसऱ्या बाजूला त्या बोटींवर पोट असलेली माणसं. आयोगाचं तर्कशास्त्र मला पटतं, पण ते वाचून स्वस्थ झोप लागते असं मी म्हणणार नाही.

आपल्या एसटीला हा कायदा लागू नाही, हे उघड आहे. पण विद्यार्थ्यांना, ज्येष्ठ नागरिकांना आणि २०२३ पासून महिलांना तिकिटात जी सवलत मिळते, तिचे पैसे राज्य सरकार एसटीला देतं, आणि सरकारी कागदांत त्याला 'सवलतमूल्याची प्रतिपूर्ती' म्हणतात. हा शब्द मला आवडतो. मदत आणि अनुदान यांपेक्षा तो लक्झेंबर्गच्या निकालाच्या जवळ जातो.

एक सांगायचं राहिलं. निकाल लागला २४ जुलै २००३ ला. ज्या परवान्यांवरून दोन्ही कंपन्या भांडत होत्या, त्यांची मुदत ३१ ऑक्टोबर २००२ ला, म्हणजे जवळजवळ नऊ महिने आधीच संपली होती.