पर्यावरणशास्त्र रिव्हिजन: परीक्षेत हमखास गोंधळात टाकणाऱ्या ५ जोड्या

पर्यावरणाचा पेपर सोपा असतो असं सगळेच म्हणतात, आणि म्हणूनच त्यात मार्क जातात. माझेही गेले होते. ‘जागतिक तापमानवाढीची कारणे लिहा’ या प्रश्नाला मी पहिलंच कारण लिहिलं होतं, ओझोनच्या थराला पडलेलं छिद्र. त्यावर लाल रेघ आली. व्याख्या सगळ्या पाठ होत्या, पण शेजारशेजारच्या दोन संकल्पनांमधला फरक माहीत नव्हता. म्हणून या लेखात मी संकल्पना जोडीजोडीने घेतल्या आहेत. चला, फोनच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्यापासूनच सुरुवात करू.

१. पीएम २.५ आणि एक्यूआय

पीएम २.५ म्हणजे हवेतले २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. ते मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये मोजतात. एक्यूआय म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक. तो नुसता आकडा आहे, त्याला एकक नाही. भारतात तो ८ प्रदूषकांवरून काढतात: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत मोठा तोच एक्यूआय. इथे बरेच जण ‘सरासरी’ लिहितात, ते चूक.

भारतीय पट्टे असे: ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० खराब, ३०१ ते ४०० अतिखराब, ४०१ ते ५०० गंभीर.

आता एक कामाची गोष्ट. दोन ॲप एकाच वेळी वेगळे आकडे दाखवतात, म्हणजे त्यातलं एक खोटंच असतं असं नाही. पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ६० असेल, तर भारतीय पद्धतीने एक्यूआय १०० येतो, अमेरिकन पद्धतीने १५० च्या वर जातो. म्हणून ॲप कोणती पद्धत वापरतं ते सेटिंगमध्ये किंवा माहितीच्या पानावर बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप भारतीय पद्धतीचा आकडा दाखवतं.

पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला जात असाल तर हेही लक्षात ठेवा. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवा असते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. त्या झाकणाखाली धूर अडकून राहतो. शहरात राहत असाल तर निघण्याआधी आकडा बघा.

२. वरचा ओझोन आणि खालचा ओझोन

वायू एकच, जागा वेगळी. स्थितांबरात, म्हणजे साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, तो अतिनील किरण अडवतो. तो आपला रक्षक. जमिनीलगतचा ओझोन मात्र प्रदूषक आहे. तो थेट धुराड्यातून निघत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगं यांच्यात सूर्यप्रकाशामुळे अभिक्रिया होऊन तो तयार होतो, म्हणून तो दुय्यम प्रदूषक.

३. ओझोन छिद्र आणि हरितगृह परिणाम

माझे मार्क इथेच गेले. ओझोन छिद्र म्हणजे वरचा थर विरळ होणं. त्याने अतिनील किरण जास्त येतात. मुख्य कारण सीएफसी, करार मॉन्ट्रियल, वर्ष १९८७. हरितगृह परिणाम म्हणजे पृथ्वीने बाहेर टाकलेली उष्णता कार्बन डायऑक्साइड, मिथेनसारख्या वायूंनी अडवून धरणं. करार क्योटो १९९७ आणि पॅरिस २०१५. औद्योगिक क्रांतीआधी कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० पीपीएम होता, आता ४२० च्या वर आहे.

गोंधळ का होतो? कारण सीएफसी दोन्हीकडे आहे. तो ओझोन तोडतो आणि स्वतः हरितगृह वायूही आहे. आणखी एक: हरितगृह परिणाम मुळात वाईट नाही. तो नसता तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. प्रश्न तो वाढण्याचा आहे.

४. डीओ आणि बीओडी

डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. सोप्या भाषेत, डीओ म्हणजे खात्यातली शिल्लक आणि बीओडी म्हणजे खर्च. बीओडी जास्त म्हणजे पाणी घाण. सांडपाणी आणि खतांमधलं नायट्रोजन-फॉस्फरस तलावात आलं की शेवाळ, जलपर्णी माजते. हे सुपोषण. ती मरून कुजली की खर्च वाढतो, शिल्लक संपते आणि मासे मरतात. ‘सु’ बघून याला चांगलं समजू नका!

५. जैवसंचय आणि जैवविशालन

एकाच जिवाच्या शरीरात विष साठत जाणं म्हणजे जैवसंचय. अन्नसाखळीत प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जाणं म्हणजे जैवविशालन. उदाहरण डीडीटी: प्लवक, लहान मासा, मोठा मासा, पक्षी. शेवटी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होतात.

इथला सापळा म्हणजे गिधाडं. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडांचं मूत्रपिंड निकामी होतं. ही थेट विषबाधा आहे, जैवविशालन नाही. जनावरांसाठीच्या या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली.

जाता जाता कायदे: वन्यजीव १९७२, पाणी १९७४, हवा १९८१, आणि १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर पर्यावरण संरक्षण कायदा १९८६.

आता फोनच्या नोट्समध्ये प्रत्येक जोडीखाली तीन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा: कुठे घडतं, कशामुळे घडतं, परिणाम काय. लेख न बघता लिहिता आलं, तर समजा ती जोडी पक्की झाली. ऑल द बेस्ट!