वाचनालयाचं देवघेव रजिस्टर

भंडारा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी वाढलो, तिथलं सार्वजनिक वाचनालय म्हणजे दोन खोल्या, सहा लोखंडी कपाटं आणि एक लांब टेबल. टेबलावर मराठी-हिंदी वर्तमानपत्रं आणि मुंबईहून एक दिवस शिळं होऊन येणारं एक उर्दू दैनिक. २००१च्या पावसाळ्यानंतरचे दिवस होते. न्यूयॉर्कचे मनोरे पडले होते, २७ सप्टेंबरला सिमीवर बंदी आली होती आणि मोहल्ल्यात लोक घरातली जुनी उर्दू मासिकं गुपचूप चुलीत घालत होते. माझ्या मामूंचा राजकारणाशी कधी संबंध आला नाही, पण त्यांनीही बायकांच्या एका मासिकाचे दहा वर्षांचे अंक जाळले. त्यात पाककृती आणि विणकामाचे नमुने होते. पण लिपी उर्दू होती ना!

त्याच सुमारास एका दुपारी साध्या कपड्यातला एक माणूस वाचनालयात आला. उर्दू पेपर कोण वाचतं, कोण कुठली पुस्तकं नेतं, याची यादी त्याला हवी होती. आमचे ग्रंथपाल काका म्हणाले, “पेपर टेबलावर पडला असते साहेब. ज्याले वाचाचा तो वाचते.” मग रजिस्टर मागितलं. काका म्हणाले, “रजिस्टर समितीचं हाये. लेखी पत्र आणा, मी समितीपुढं ठेवतो.” पत्र कधीच आलं नाही. हे काकांनी मला सांगितलं ते निवृत्तीनंतर, बाजारात भाजी घेताना, अगदी सहज. मी मात्र पिशवी धरून तसाच उभा राहिलो. कारण त्या महिन्यात माझ्या नावावर अफगाणिस्तानवरचं एक मराठी पुस्तक होतं.

देवघेव रजिस्टर हा तसा निरुपद्रवी कागद. तारीख, दाखल क्रमांक, वाचकाचं नाव, सही. पण एका माणसाच्या पाच वर्षांच्या नोंदी सलग वाचल्या तर तो कशाला घाबरतो, कुठला आजार लपवतो, कुठल्या प्रश्नाने त्याची झोप उडाली आहे, हे घरच्यांपेक्षा जास्त कळतं. काकांनी त्याला गोपनीयता वगैरे नाव दिलं नव्हतं. दुसऱ्याचं रजिस्टर दाखवायचं नसतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

मला वाटलं होतं, हा एका विदर्भी माणसाचा हट्ट. पुढे ग्रंथपालांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा या हट्टाचे नातेवाईक दूरदूर सापडले. झोया हॉर्न ही ओडेसात जन्मलेली बाई अमेरिकेत बकनेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करायची. १९७२मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांवर हॅरिसबर्गला खटला चालला. सरकारचा मुख्य खबऱ्या होता बॉइड डग्लस नावाचा कैदी. शिक्षणासाठी त्याला तुरुंगाबाहेर जाण्याची सवलत होती आणि तो त्याच ग्रंथालयात कामाला होता! हॉर्नबाईंनी साक्ष द्यायला नकार दिला आणि वीस दिवस तुरुंगात काढले. नंतर, १९८०च्या दशकात, सोव्हिएत हेर शोधण्याच्या नावाखाली एफबीआयचे लोक ग्रंथालयांतून परदेशी वाटणारे वाचक कोणते अहवाल मागतात याची चौकशी करत फिरले. १९८७मध्ये हे उघड झालं आणि ग्रंथपालांनी जाहीर विरोध केला.

इकडे आमच्या मोहल्ल्यात चुली पेटत होत्या त्याच महिन्यात, २६ ऑक्टोबर २००१ला, तिकडे पॅट्रियट कायद्यावर सही झाली. ग्रंथालयाच्या नोंदी मागण्याची वाट त्याने सोपी केली. सांताक्रूझच्या ग्रंथालयांनी वाचकांना सावध करणाऱ्या पाट्या लावल्या, रोजचे कागद फाडायला सुरुवात केली. पुस्तक परत आलं की वाचक आणि पुस्तक यांच्यातला दुवाच संगणकातून पुसायचा, ही पद्धत रुळली. जी नोंद ठेवलीच नाही, ती कोणी मागणार तरी कशी?

२००५मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या ‘लायब्ररी कनेक्शन’ या ग्रंथालयांच्या सामायिक संस्थेला एफबीआयचं पत्र आलं. न्यायाधीशाचा आदेश नाही, फक्त पत्र. ग्रंथालयातला संगणक एका ठरावीक वेळी कोणी वापरला ते सांगा, आणि हे पत्र आल्याचं कोणालाही सांगू नका. जॉर्ज ख्रिश्चन, बार्बरा बेली, पीटर चेज आणि जॅनेट नोसेक हे चौघं कोर्टात गेले. पण तोंडाला कुलूप असल्यामुळे खटल्यातही त्यांचं नाव ‘जॉन डो’. कायद्याच्या नूतनीकरणावर संसदेत चर्चा चालू होती, तेव्हा ज्यांच्यावर तो वापरला गेला त्या या माणसांना बोलता येत नव्हतं. मार्च २००६मध्ये नूतनीकरण झालं. बोलण्याची मुभा मिळाली ती त्यानंतर, मे महिन्यात. शेवटी सरकारने मागणीच सोडून दिली.

त्या काळात न्यूयॉर्क पोलिसांनी मशिदी, चहाची दुकानं आणि मुस्लिम विद्यार्थ्यांच्या संघटनांत खबरे पेरले होते. असोसिएटेड प्रेसने ते २०११मध्ये उघडकीस आणलं. दुसऱ्याच्या मागावर राहू नका, अशी स्पष्ट मनाई कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. आपल्याकडे खुतब्यात ती गीबतच्या संदर्भात येते, पाळतीच्या संदर्भात फारशी ऐकली नाही. हजरत उमर भिंत चढून एका घरात डोकावले आणि घरमालकाने त्यांनाच त्यांची चूक दाखवली, हा किस्सा मात्र माझी नानी रंगवून सांगायची.

नकार देण्याच्या पुढची पायरी म्हणजे शिकवणं. ॲलिसन मॅक्रिना या ग्रंथपाल बाईंनी ‘लायब्ररी फ्रीडम प्रोजेक्ट’ त्यासाठीच काढला: आधी ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी शिकायचं, मग त्यांनी वस्तीला शिकवायचं. २०१५मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावच्या किल्टन ग्रंथालयाने आपला एक संगणक ‘टॉर’ला जोडला. टॉर म्हणजे वाचकाची वाट अनेक स्वयंसेवकांच्या संगणकांतून फिरवत नेणारी व्यवस्था, म्हणजे तो कुठून आला ते समजत नाही. गृहसुरक्षा खात्याकडून स्थानिक पोलिसांना निरोप गेला, जोडणी थांबली. सप्टेंबरात विश्वस्तांची बैठक भरली, गावकरी बाजूने बोलले आणि जोडणी पुन्हा चालू झाली.

आपल्याकडे ग्रंथालयाचा १९६७चा कायदा आठवतो तो अनुदानापुरता. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातल्या माणसाचा पगार शेतमजुराच्या मजुरीपेक्षा कमी पडतो. त्याला वर आणि हे काम सांगायचं, याची मलाच लाज वाटते. पण विषय टाळताही येत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ला एकमताने सांगितलं. तरी २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयात घरी कुठली पुस्तकं का ठेवली, हा प्रश्न विचारला गेलाच. त्याच वर्षी नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांना व्हॉट्सॲपकडून कळलं की त्यांचा फोन पेगासस या हेर-सॉफ्टवेअरचं लक्ष्य होता. नागपूर भंडाऱ्याहून साठ किलोमीटर.

आता रजिस्टर प्रत्येकाच्या खिशात आहे. साक्षरता वर्गांनी आमच्या बायांना अंगठा सोडून सही करायला शिकवलं, आणि आता रेशनपासून बँकेपर्यंत पुन्हा अंगठा. तोही विडी वळून वळून झिजलेला, यंत्राला न दिसणारा. अंगठ्याची नक्कल करून खाती रिकामी करणारे चोर मात्र तयार झाले. २७ मे २०२२ला आधारच्या बंगळूर कार्यालयाने आधारची झेरॉक्स वाटू नका, शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या, असं पत्रक काढलं. दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. गोंधळलेल्या माणसाने विचारायचं कोणाला? झेरॉक्सवाल्याला?

गेल्या हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा वाचनालयात दुपारी पाच-सहा बाया बसल्या होत्या. काकांच्या जागी आता एक तरुण ताई आहे. तिने एकीला फोनमधल्या परवानग्यांची यादी उघडायला लावली होती. “टॉर्चले तुमच्या भावाचा नंबर कायले पायजे?” बाया हसल्या. मग आधारचं बायोमेट्रिक कुलूप कसं लावायचं ते तिने दाखवलं, आणि रेशनच्या दिवशी कसं उघडायचं ते दोनदा. ओटीपी सांगायचा नाही, हे तर त्यांना आधीच पाठ होतं. एकीने विचारलं, पोरगा माझा फोन रोज तपासतो, त्याचं काय? त्यावर ताईलाही चटकन उत्तर सुचलं नाही.

बाया गेल्यावर मी तिला २००१चं रजिस्टर आहे का विचारलं. स्टूलवर चढून तिने वरच्या कप्प्यातून ते काढलं. माझं पूर्ण नाव विचारलं, पान शोधलं. मी वाकून बघायला लागलो तशी म्हणाली, “थांबा भाऊ.” दोन कोरे कागद घेऊन तिने माझ्या ओळीच्या वरची आणि खालची नावं झाकली, आणि मग रजिस्टर माझ्याकडे वळवलं.