समुद्र उजव्या हाताला

टेबलावर जुन्या लढाया मांडून खेळणाऱ्यांमध्ये एक तक्रार नेहमीची आहे. घोडेस्वार धनुर्धरांची सेना घेतली की माणूस हरतो. सेल्जुक तुर्क घ्या, मंगोल घ्या, पार्थियन घ्या. पुस्तकात ज्यांनी अर्धी दुनिया पालथी घातली तेच स्वार टेबलावर आले की बिचारे कोपऱ्यात सापडून मार खातात. "नियमच चुकीचे आहेत," असं म्हणून बहुतेक लोक विषय संपवतात. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण मध्यंतरी एका मित्राबरोबर अर्सुफची लढाई चार-पाचदा खेळलो आणि डोक्यात काहीतरी वेगळंच शिरलं. ते इथे लिहून ठेवतो.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिवाळीतल्या किल्ल्यावर आपण मावळे ठेवतो ना, तसलेच, पण त्याहून बारके सैनिक. आमचे 15 मिलिमीटरचे आहेत, म्हणजे करंगळीच्या पेराएवढे. ते रंगवायचे, दोन-दोन चार-चार करून पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवायचे. अशी एक पट्टी म्हणजे काहीशे माणसांची तुकडी. मग फूटपट्टीने मोजून चाली करायच्या आणि फासे टाकून निकाल लावायचा. बुद्धिबळात नशीब नसतं, इथे असतं. आणि खऱ्या सेनापतीलाही ते चुकलेलं नाही, त्यामुळे मला हा खेळ जास्त प्रामाणिक वाटतो.

या खेळाची डीबीए नावाची एक नियमावली आहे, 1990 साली इंग्लंडात आलेली. दोन्ही बाजूंना फक्त 12 तुकड्या, तासाभरात लढाई आटोपते. दर पाळीला एक फासा टाकायचा, जेवढे ठिपके तेवढ्या चाली. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या तुकड्या एका चालीत मिळून पुढे जातात, विखुरलेल्या असतील तर प्रत्येकीला वेगळी चाल खर्चावी लागते. इथेच घोडेस्वार धनुर्धरांची पंचाईत होते, कारण विखुरणं हेच तर त्यांचं बळ. आणखी गंमत म्हणजे या नियमांत ते लांबून बाण मारतच नाहीत! त्यांची तिरंदाजी जवळच्या झुंजीतच धरलेली आहे. लोक चिडतात ते यावर. मला विचाराल तर हा हिशेब तितकासा वाईट नाही. टेबलावरच्या अंतरांच्या मानाने बाणाचा पल्ला असतोच किती?

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती इतकी समोर आहे की दिसत नाही. टेबलाला कडा असते. डीबीएचं मैदान दोन फूट बाय दोन फूट. पळता पळता एखादी तुकडी कडेबाहेर गेली की मेली म्हणून मोजतात. ज्या सैन्याची सगळी विद्याच पळण्यात आहे, शत्रूला मागे ओढत नेण्यात आहे, वळसा घालून पाठीमागे उगवण्यात आहे, त्याला आपण दोन फुटांच्या खोक्यात कोंडतो. उलट जड चिलखताच्या सरदारांना मात्र दोन्ही बगलांना फुकटच्या भिंती मिळतात.

तर आता अर्सुफ. कारण तिथे एका बाजूची कडा खरोखरच होती.

1191 च्या जुलैत अक्का बंदर धर्मयोद्ध्यांच्या हाती आलं. ऑगस्टच्या अखेरीस इंग्लंडचा राजा रिचर्ड तिथून सैन्य घेऊन दक्षिणेला जाफाकडे निघाला. अंतर सुमारे 130 किलोमीटर. सलाहुद्दीन सैन्य घेऊन डोंगराच्या बाजूने सोबत चालला होता आणि त्याचे तुर्की स्वार दिवसभर बाण मारत होते. रिचर्डने अगदी किनाऱ्यालगतची वाट धरली. उजव्या हाताला समुद्र, समुद्रात त्याचीच गलबतं, गलबतांत रसद. चालायचं सकाळच्या वेळात, तेही थोडंथोडं, कारण ऊन असं की माणसं बाणांनी नव्हे तर उन्हाने पडत होती. जे पडले त्यांना गलबतावर चढवायचं.

सैन्याची रचना पाहा. सरदार आणि त्यांचे घोडे मधे. त्यांच्या डाव्या अंगाला, म्हणजे शत्रूच्या बाजूला, पायदळ आणि आडव्या धनुष्यांचे तिरंदाज. पण पायदळ सगळंच्या सगळं डावीकडे नव्हतं. अर्धं उजवीकडे, समुद्राच्या बाजूला, बुणग्यांबरोबर आरामात चालत होतं. डावीकडचे दमले की अदलाबदल. बिनीला टेम्प्लर, चंदावलीला हॉस्पिटलर. आणि सगळ्यांना एकच ताकीद, की हुकूम मिळाल्याशिवाय घोडा घालायचा नाही. हुकूम म्हणजे कर्णे. सहा कर्णे, पुढे दोन, मधे दोन, मागे दोन.

सलाहुद्दीनचा चरित्रकार बहाउद्दीन इब्न शद्दाद या सगळ्या प्रवासात त्याच्याबरोबर होता. त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलंय. शत्रूच्या पायदळाच्या अंगावर जाड नमद्याचे अंगरखे आणि लोखंडी कड्यांची चिलखतं होती, पाठीत एकापासून दहापर्यंत बाण रुतलेली माणसं रांग न मोडता नेहमीच्या चालीने चालली होती, आणि तिकडून सुटलेले बाण मात्र मुसलमानांच्या घोड्यांना आणि स्वारांना लागत होते. शत्रूच्या साध्या प्याद्यांबद्दल इतक्या कौतुकाने लिहिणारा दरबारी लेखक विरळा.

आता आमचा डाव. डीबीएचे नियम इथे पुरेसे नव्हते म्हणून आम्ही घरचे नियम जोडले. टेबल लांबट घेतलं, चार फूट बाय दोन. उजवीकडच्या लांब कडेला निळा कापड, म्हणजे समुद्र. माझ्याकडे रिचर्डचं सैन्य, मित्राकडे सलाहुद्दीनचं. बारा पाळ्यांत मला सैन्याची रांग या टोकापासून त्या टोकाला न्यायची. बाण लांबून मारायला परवानगी दिली. बाण लागला की त्या तुकडीवर एक मणी ठेवायचा. पायदळावर मण्यांचा परिणाम फार कमी, आणि समुद्राच्या बाजूला एक पाळी विश्रांती घेतली की एक मणी उतरतो. पण घोड्यांवर परिणाम जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे चंदावलीच्या तुकडीसाठी दर पाळीला एक फासा टाकायचा. फाशावरचा आकडा त्यांच्या मण्यांपेक्षा कमी किंवा बरोबरीचा आला, तर ती तुकडी हुकमाची वाट न बघता घोडे घालते.

खेळायला बसल्यावर जाणवलं की मला करायला काहीच नाही. दर पाळीला सगळी रांग चार बोटं पुढे सरकवायची, दमलेली पट्टी उजवीकडे, ताजी डावीकडे. घोडेस्वार मधे नुसते उभे. मित्र मात्र भलताच रंगात आला होता. त्याचे स्वार येताहेत, बाण टाकताहेत, जाताहेत. त्याच्या चाली संपता संपत नव्हत्या. पाचव्या पाळीला मी सहज मोजलं तर त्याने चाळीसेक वेळा बाण टाकले होते आणि माझी एकही तुकडी गेली नव्हती. पण चंदावलीवर तीन मणी होते, म्हणजे दर फाशाला निम्मी शक्यता. त्या वेळी फासा हातात घेताना पोटात जे होतं ना, ते पुस्तक वाचून होत नाही.

प्रत्यक्षात 7 सप्टेंबरला हेच झालं. सलाहुद्दीनने अर्सुफच्या रानाजवळ सगळा जोर चंदावलीवर टाकला. हॉस्पिटलरांचा प्रमुख गार्निए द नाब्लूस पुन्हा पुन्हा राजाकडे परवानगी मागत होता, आमचे घोडे मरताहेत म्हणून. राजा प्रत्येक वेळी थांब म्हणत होता. शेवटी हॉस्पिटलरांचा मार्शल आणि बाल्डविन ल कारों नावाचा एक सरदार न राहवून सुटले आणि त्यांच्यामागे बाकीचे. कर्णे वाजायचे राहूनच गेले. रिचर्डने क्षणात ओळखलं की आता थांबवून उपयोग नाही, आणि सगळ्या सैन्याला घोडे घालायला लावले. ते कामी आलं. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. त्याने पाठलाग आवरला, विस्कटलेले सरदार पुन्हा रांगेत आणले आणि मग दुसरा हल्ला केला. पळणाऱ्या तुर्कांच्या मागे एकटंदुकटं धावलेला सरदार परत येत नाही, हे त्या मुलखात सगळ्यांना अनुभवाने माहीत झालेलं होतं.

चित्रकारांना अर्सुफ म्हटलं की रिचर्डचा घोडा दिसतो. टेबलावर मात्र बाराांतल्या आठ-नऊ पाळ्या पायदळच सगळं काम करतं, आणि त्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. असो.

दोन डाव झाल्यावर मित्र म्हणाला, "आता समुद्र काढ." निळा कापड उचलला आणि माझी रांग टेबलाच्या मधोमध ठेवली. बाकी सगळं तेच. तीच माणसं, तीच चिलखतं, तेच नियम. आणि काय फरक पडावा! शत्रू दोन्हीकडून येतो म्हटल्यावर पायदळ दोन्हीकडे लावावं लागलं. विश्रांतीची बाजूच उरली नाही, त्यामुळे मणी चढत गेले आणि उतरायला जागा नाही. चौथ्या पाळीपासून रांगेचा वेग अर्धा. सातव्या पाळीला मी टेबलाच्या मध्यावर थांबलेला होतो, आणि मित्राने तोवर एकदाही जवळ येऊन झुंज दिलेली नव्हती.

हे टेबलावरचं चित्र चार वर्षं आधी खरोखर घडलेलं आहे, जुलै 1187 मध्ये, हित्तीनला. जवळजवळ त्याच घडणीचं सैन्य, सुमारे 1200 सरदार आणि मोठं पायदळ. समोर तोच सलाहुद्दीन. राजा गी सफ्फुरियाच्या झऱ्यांपाशी सुरक्षित तळ देऊन होता. सलाहुद्दीनने टायबेरियसला वेढा घातला, जेमतेम 25 किलोमीटरवर. किल्ल्यात त्रिपोलीच्या रेमंडची बायको अडकलेली, आणि तरीही हाच रेमंड सांगत होता की जाऊ नका, वाटेत पाणी नाही. रात्री टेम्प्लरांचा प्रमुख जेरार राजाच्या तंबूत गेला आणि बेत फिरला. 3 जुलैला सैन्य निघालं. दिवसभर बाण, चंदावल सतत अडकलेली. टायबेरियसच्या सरोवरापर्यंत पोचणं झालंच नाही, रात्र कोरड्या माळावर काढली. सकाळी सलाहुद्दीनच्या माणसांनी वाळलेलं गवत पेटवलं. त्याच्या सैन्याला मात्र सरोवराचं पाणी उंटांवरून येत होतं आणि बाणांचे भारही. रेमंडने आपल्या सरदारांनिशी घोडे घातले, तेव्हा तकीउद्दीनच्या स्वारांनी सरळ वाट मोकळी करून दिली आणि तो पार झाल्यावर पुन्हा बंद केली. धनुर्धराला धडक द्यायला समोर कुणीतरी उभं असावं लागतं! संध्याकाळी राजा कैदेत होता आणि ऑक्टोबरमध्ये जेरुसलेम गेलं.

आम्ही हित्तीनही मांडून पाहिलं. गीचं सैन्य कुणी घ्यायचं यावर चिठ्ठी टाकली, ती मित्राला आली. त्याने टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "यात मी खेळू काय?" खरं होतं. पट मांडायच्या आदल्या दिवशीच सगळं ठरून गेलं होतं.

इथे मराठी वाचकाला पालखेड आठवणारच. 1728 साली पहिल्या बाजीरावाने निजामाला पळवत पळवत नेऊन असंच रसद-पाण्यावाचून कोंडलं आणि मोठी लढाई न देताच तह करायला लावला. बाजीरावाचे स्वार काही धनुर्धर नव्हते, भाला-तलवारवाले होते. त्यामुळे घोड्यावरून सुटणाऱ्या बाणाभोवती आपण जे वलय उभं करतो ते मला आता थोडं फसवं वाटतं. बाण हा शत्रूला थांबवण्यासाठी. मारायचं काम ऊन आणि तहान करतात, आणि ती फाशांवर मोजता येत नाहीत.

अर्सुफनंतर सलाहुद्दीनचं सैन्य संपलं नाही, तेही लक्षात ठेवायला हवं. एक-दोन दिवसांत ते पुन्हा एकत्र आलं. रिचर्ड जाफाला पोचला, पण त्याला जायचं होतं जेरुसलेमला आणि जेरुसलेम समुद्रापासून दूर, डोंगरात. जानेवारी 1192 मध्ये तो बैत नूबापर्यंत गेला, शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर, आणि परत फिरला. जूनमध्ये पुन्हा तिथवर गेला. सलाहुद्दीनने शहराभोवतीच्या विहिरी आणि टाकी निकामी करून ठेवली होती. तिथले जुनेजाणते सरदार सांगत होते की किनाऱ्याकडची रसद तुटली तर आपण संपलो. जुलैत सैन्य दुसऱ्यांदा मागे वळलं आणि 2 सप्टेंबरला तह झाला. रिचर्ड भ्याला असं लिहिणारे तेव्हाही होते आणि नंतरही झाले. त्यांनी निळा कापड काढून एक डाव खेळावा असं मला वाटतं.

बैत नूबाचा डाव आम्हाला अजून मांडता आलेला नाही. मित्राचं म्हणणं, कापड टेबलाच्या मागे खुर्चीवर टाकू आणि तिथपर्यंत रसदीची रांग राखायची. माझ्याकडे तेवढे खेचर नाहीत. रंगवायला घेतलेत.