दोन इंजिनं, एकच पॅसेज आणि खाली महासागर: छोटी विमानं लांबच्या सागरी मार्गांवर कशी उडतात?

३१ ऑगस्ट २०१५. अमेरिकन एअरलाइन्सचं एक विमान लॉस एंजेलिसहून निघालं आणि पॅसिफिक महासागरावरून उडत हवाई बेटांवरच्या होनोलुलूला उतरलं. वाटेत काहीही बिघडलं नाही. प्रवासी उतरले आणि आपापल्या वाटेला लागले.

पण ते विमान त्या मार्गावर असायलाच नको होतं.

कंपनीकडे एअरबस ए-३२१ या एकाच मॉडेलची दोन प्रकारची विमानं होती. एका प्रकाराला हवाईच्या मार्गाची मंजुरी होती, दुसऱ्याला नव्हती. बाहेरून दोन्ही सारखीच दिसत आणि इंधनाच्या हिशेबात दोन्हींचा पल्लाही सारखाच होता. त्या दिवशी चुकून दुसऱ्या प्रकारचं विमान पाठवलं गेलं. कंपनीने ही चूक नियामकाला म्हणजे एफएएला कळवली आणि ते विमान प्रवाशांशिवाय परत आणलं.

दोन्ही विमानांमध्ये फरक होता तो सामानकक्षातली आग विझवण्याच्या जादा यंत्रणेचा, जादा वैद्यकीय ऑक्सिजनचा आणि या सगळ्याला मिळणाऱ्या मंजुरीचा. सुखरूप पोहोचलेल्या विमानाबद्दल एवढा गहजब का झाला, हे समजलं की छोटी विमानं समुद्र कशी ओलांडतात हेही समजतं.

नॅरोबॉडी म्हणजे कोणतं विमान?

पुणे-दिल्ली किंवा मुंबई-नागपूर असा विमानप्रवास तुम्ही केला असेल, तर बहुधा नॅरोबॉडी विमानातच बसला असाल. मधून चालायला एकच पॅसेज आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. एअरबसचं ए-३२० कुटुंब आणि बोइंगचं ७३७ ही याची सर्वात परिचित उदाहरणं.

दोन पॅसेज असलेल्या मोठ्या विमानांना वाइडबॉडी म्हणतात. बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए-३५० ही त्यातली. लांबच्या परदेश प्रवासाला मोठं विमान आणि देशातल्या देशात छोटं, अशी आपल्या डोक्यात एक ढोबळ विभागणी असते. त्यामुळे सात-आठ तासांच्या प्रवासाच्या तिकिटावर ए-३२१ लिहिलेलं दिसलं की अनेकांना शंका येते, एवढंसं विमान समुद्रावरून नेणं बरोबर आहे का?

इथे एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. ७७७, ७८७ आणि ए-३५० या मोठ्या विमानांनाही इंजिनं दोनच असतात. त्यामुळे विमान रुंद आहे की अरुंद, हा सुरक्षेचा मूळ प्रश्न नाही. मूळ प्रश्न असा की एक इंजिन बंद पडलं, तर जवळचा विमानतळ किती मिनिटांवर आहे?

साठ मिनिटांचा नियम

१९५३ मध्ये अमेरिकेत एक नियम झाला. चारपेक्षा कमी इंजिनं असलेल्या विमानाने पर्यायी विमानतळापासून ६० मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही. ही ६० मिनिटं एका इंजिनावर उडतानाच्या वेगाने मोजायची. तेव्हाची पिस्टन इंजिनं आजच्या मानाने बरीच बेभरवशाची होती. १९६४ मध्ये तीन इंजिनांच्या विमानांना यातून सूट मिळाली, पण दोन इंजिनांच्या विमानांवरचं बंधन कायम राहिलं.

जेट इंजिनं पिस्टन इंजिनांपेक्षा खूपच भरवशाची निघाली आणि १९८५ मध्ये चित्र बदललं. त्या वर्षी टीडब्ल्यूए कंपनीच्या दोन इंजिनांच्या बोइंग ७६७ विमानांना १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि अटलांटिकचा थेट मार्ग त्यांना मोकळा झाला. १९८८ मध्ये ही मर्यादा १८० मिनिटांपर्यंत वाढवण्याची सोय झाली.

या व्यवस्थेला ईटॉप्स म्हणतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर आता त्यासाठी ईडीटीओ असंही नाव वापरलं जातं. वैमानिकांमध्ये ईटॉप्सच्या इंग्रजी अद्याक्षरांवरून एक जुना विनोद आहे: इंजिनं फिरत राहतील, नाहीतर प्रवासी पोहतील.

१८० मिनिटांची परवानगी मिळवायची तर इंजिनांचा इतिहास तपासला जातो. जगभरातल्या त्या प्रकारच्या इंजिनांचा एकत्र हिशेब केला, तर उड्डाणात इंजिन बंद पडण्याचं प्रमाण दर एक लाख इंजिन-तासांमागे साधारण दोनच्या आत असावं लागतं. १२० मिनिटांसाठी हेच प्रमाण पाचपर्यंत चालतं.

हवाईचं गणित

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो, हे पाहायला हवाईसारखं दुसरं उदाहरण नाही. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू हे अंतर सुमारे ३,८६० किलोमीटर आहे. मध्ये उतरण्याजोगं एकही बेट नाही.

या मार्गाचा मध्यबिंदू दोन्ही टोकांपासून सुमारे १,९३० किलोमीटरवर येतो. एक इंजिन बंद पडलेलं विमान थोडं खाली उतरून, ढोबळ मानाने ताशी सव्वासातशे किलोमीटर वेगाने जाईल असं धरू. म्हणजे ऐन मध्यावर बिघाड झाला तर कुठल्याही किनाऱ्याला पोहोचायला सुमारे २ तास ४० मिनिटं लागतील.

१२० मिनिटांच्या परवानगीत हे बसत नाही, १८० मिनिटांच्या परवानगीत बसतं.

अलोहा एअरलाइन्सने २००० मध्ये बोइंग ७३७-७०० विमानांनी हवाई आणि कॅलिफोर्निया जोडले. २००७ मध्ये अलास्का एअरलाइन्स ७३७-८०० घेऊन या समुद्रावर आली. २०१८ मध्ये हवाईयन एअरलाइन्सने ए-३२१निओ आणलं आणि २०१९ मध्ये साउथवेस्टने ओकलंडहून होनोलुलूला ७३७ सुरू केलं. आज या मार्गांवर नॅरोबॉडी विमान ही रोजची गोष्ट आहे.

त्या तुलनेत उत्तर अटलांटिक सोपा म्हणायला हवा. कॅनडातलं गॅण्डर, आइसलँडमधलं केफ्लाविक, आयर्लंडमधलं शॅनन आणि अझोर्स बेटांवरचं लाजेस हे विमानतळ त्या वाटेवर दगडांसारखे पसरलेले आहेत.

इंजिन बंद पडणं हीच सर्वात मोठी भीती आहे का?

नाही. दोन गोष्टी त्याहून अवघड ठरू शकतात.

पहिली म्हणजे केबिनमधला हवेचा दाब जाणं. असं झालं की प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून विमान साधारण १०,००० फुटांवर आणावं लागतं. तिथे हवा दाट असते आणि इंजिनं बरंच जास्त इंधन पितात. त्यामुळे निघण्याआधीच हिशेब केला जातो: सर्वात गैरसोयीच्या ठिकाणी दाब गेला, सोबत एक इंजिनही गेलं, तरी किनारा गाठण्यापुरतं इंधन उरेल का? उरणार नसेल तर जास्त इंधन भरायचं किंवा मार्ग बदलायचा.

दुसरी म्हणजे आग. सामानकक्षात आग लागली तर ती विझवणाऱ्या वायूचा साठा विमानतळ गाठेपर्यंत पुरला पाहिजे आणि वर १५ मिनिटं शिल्लक राहिली पाहिजेत. होनोलुलूला चुकून पोहोचलेल्या विमानात नेमकी हीच जादा यंत्रणा नव्हती. काही बिघडलं नाही म्हणून ती उणीव जाणवली नाही, एवढंच.

देखभालीचेही वेगळे नियम असतात. दोन्ही इंजिनांवरचं एकसारखं काम शक्यतो एकाच तंत्रज्ञाने एकाच वेळी करायचं नाही. त्याच्या हातून चूक झालीच तर ती दोन्हीकडे होऊ नये, हा त्यामागचा विचार. इंजिन किती तेल खातं याची नोंदही सतत ठेवली जाते.

पर्यायी विमानतळाचं महत्त्व २००१ मध्ये जगाने पाहिलं. २४ ऑगस्टला टोरोंटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या विमानात इंधनगळती झाली आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते सुमारे १२० किलोमीटर नुसतं तरंगत नेऊन लाजेसला उतरवलं. विमानातले सर्व ३०६ जण वाचले. ते विमान होतं ए-३३०, म्हणजे दोन पॅसेजचं वाइडबॉडी. तिथे विमानाच्या रुंदीचा उपयोग नव्हता, उपयोग होता जवळच्या धावपट्टीचा.

कंपन्यांना छोटी विमानं का हवीत?

कारण आहे रिकाम्या सीटचं. तीनशे सीटचं विमान फायद्यात उडवायचं तर रोज तेवढे प्रवासी मिळायला हवेत. लंडन-न्यूयॉर्कला ते मिळतात, पण डब्लिन-नॅशव्हिलला रोज मिळणं कठीण. छोट्या विमानाने अशा दोन शहरांना थेट जोडता येतं आणि प्रवाशाचा मधल्या मोठ्या विमानतळावर उतरून विमान बदलण्याचा खटाटोप वाचतो.

ही वाट आधी बोइंग ७५७ ने दाखवली. १९८३ मध्ये सेवेत आलेल्या या विमानाचं उत्पादन २००४ मध्ये थांबलं आणि त्यानंतर त्याची जागा घेणारं विमान बरीच वर्षं नव्हतं. ती पोकळी एअरबसच्या ए-३२१एलआर आणि ए-३२१एक्सएलआर यांनी भरली. एलआरचा पल्ला सुमारे ७,४०० किलोमीटर, तर एक्सएलआरचा सुमारे ८,७०० किलोमीटर आहे.

जेटब्लूने ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्क-लंडन सेवा नॅरोबॉडी विमानांनी सुरू केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयबेरियाने माद्रिद-बोस्टन मार्गावर पहिलं एक्सएलआर उडवलं.

एक्सएलआरच्या पोटात, मागच्या बाजूला, १२,९०० लिटरची जादा टाकी बसवली आहे. ही टाकी विमानाच्या सांगाड्याचाच भाग आहे. त्यामुळे चाकं न उघडता विमान पोटावर उतरवावं लागलं, तर आगीपासून प्रवाशांचं संरक्षण कसं होणार, असा प्रश्न नियामकांनी विचारला. त्यासाठी खास अटी घातल्या गेल्या. युरोपच्या नियामकाने जुलै २०२४ मध्ये विमानाला मंजुरी दिली.

खरी तडजोड कुठे होते?

पल्ल्याचा आकडा कागदावर मोठा दिसतो. पण इंधन जास्त भरलं की वजन वाढतं आणि मग सीट किंवा सामान कमी करावं लागतं. भारतात इंडिगोच्या ए-३२१निओमध्ये २२२ किंवा २३२ सीट असतात. आयबेरियाच्या एक्सएलआरमध्ये १८२ आहेत आणि जेटब्लूने अटलांटिकसाठी १३८ सीटची मांडणी केली.

त्यात वारा. उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यात पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. युरोपकडे जाताना ते विमानाला पाठीमागून ढकलतात, अमेरिकेकडे येताना समोरून अडवतात. डिसेंबर २०११ मध्ये युनायटेडच्या ७५७ विमानांना युरोपहून अमेरिकेला येताना जवळपास १,१०० फेऱ्यांपैकी ४३ वेळा इंधनासाठी वाटेत अचानक उतरावं लागलं होतं. त्यात धोका नव्हता. उलट इंधन पुरणार नाही असं दिसताच वेळेत उतरणं हाच सुरक्षेचा नियम आहे. पण पुढची फ्लाइट चुकलेल्या प्रवाशाला हे समजावणं कठीण.

ब्रिटिश एअरवेजने तर हा थांबा वेळापत्रकातच घातला होता. २००९ पासून लंडन सिटी विमानतळाहून न्यूयॉर्कला जाणारं त्यांचं ए-३१८ अवघ्या ३२ सीटचं होतं. धावपट्टी आखूड असल्याने ते पूर्ण इंधन भरून उडू शकत नसे. म्हणून जाताना शॅननला इंधन भरायचं आणि त्या वेळात प्रवाशांची अमेरिकेची इमिग्रेशन तपासणीही उरकायची. ही सेवा २०२० मध्ये बंद झाली.

भारतातून काय?

इंडिगोने २०१९ मध्ये ए-३२० कुटुंबातल्या ३०० विमानांची मागणी नोंदवली, त्यात एक्सएलआरही होती. मुंबई-अथेन्स या सुमारे ५,२०० किलोमीटरच्या थेट मार्गासाठी कंपनीने हेच विमान निवडलं. मात्र या मार्गाचा बराच भाग जमिनीवरून जातो.

समुद्रावरच्या प्रवासाचं चांगलं उदाहरण म्हणजे मुंबई-सेशेल्स. सुमारे ३,३०० किलोमीटरचा हा जवळपास सगळा मार्ग अरबी समुद्र आणि हिंदी महासागरावरून जातो. एअर सेशेल्सने तो ए-३२०निओ विमानांनी चालवला आहे. म्हणजे मुंबईकरांसाठी समुद्रावरचं नॅरोबॉडी विमान ही अगदी नवी गोष्ट नाही.

प्रवासी म्हणून काय पाहावं?

विमानाला कोणत्या मार्गाची मंजुरी आहे, हे तपासणं कंपनीचं आणि नियामकाचं काम आहे. भारतात ही जबाबदारी डीजीसीएची. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

बुकिंग करताना विमानाचा प्रकार आणि सीटची मांडणी पाहा. सात तासांच्या प्रवासात दोन सीटमधलं अंतर आणि टॉयलेटची संख्या जाणवते. हिवाळ्यात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाणार असाल, तर पुढच्या फ्लाइटसाठी हाताशी जादा वेळ ठेवा.

आणि सुरक्षेच्या सूचना चालू असताना फोनमधून मान वर काढा. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरलेलं ए-३२० समुद्र ओलांडायला निघालेलं नव्हतं. त्या मार्गावर सक्ती नसतानाही त्यात योगायोगाने समुद्री प्रवासाची साधनं होती. दारांशी उघडणाऱ्या घसरगुंड्या तराफ्यासारख्या पाण्यावर तरंगल्या आणि अनेकांना त्यांचाच आधार मिळाला. विमानातले सर्व १५५ जण वाचले.

होनोलुलूला उतरलेल्या विमानात उणीव होती, पण तिची गरज पडली नाही. हडसनवर उतरलेल्या विमानात जादा सोय होती आणि तिची गरज पडली. समुद्रावरून उडण्याचे नियम नशिबावर काही सोडायचं नाही म्हणूनच एवढे कडक आहेत.